आयोवातल्या छोट्या काउंटीत घर घ्यावं का?

शेवग्याची शेंग

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या ग्रीन काउंटीत राहतो (काउंटी म्हणजे इथला छोटा जिल्हा). काउंटीचं मुख्य गाव जेफरसन, वस्ती जेमतेम चार हजार. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत ८,७७१ माणसं निघाली. पुण्यातल्या दोन मोठ्या सोसायट्या एकत्र केल्या तर एवढी भरतील. नवरा डॉक्टर आहे, जे-वन वेव्हरवर इथे आला (डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात काम करायच्या अटीवर परदेशी डॉक्टरांना मिळणारी व्हिसाची सवलत). वेव्हरची तीन वर्षांची अट आता पुरी होतेय. इस्पितळवाले राहा म्हणतायत, पगारही वाढवून देतायत. माझं काम घरून चालतं. लेक पुढच्या वर्षी शाळेत जाईल.

प्रश्न सरळ आहे. इथेच घर घ्यावं, की सगळे देशी जातात तसं राजधानी डिमॉइनच्या उपनगरात जावं?

दुसरा प्रश्न त्यातूनच येतो. इथली मंडळी उठताबसता 'काउंटी वाढली पाहिजे' म्हणतात. त्यासाठी कसीनो आणला, सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस आणलं, नवं हायस्कूल बांधलं. पण १९०० साली या काउंटीत सतरा हजारांच्या वर माणसं होती, आता निम्मी उरलीत. अशा ठिकाणी पैसे अडकवणं शहाणपणाचं आहे का? आयोवा, नेब्रास्का, इलिनॉयच्या आतल्या भागात राहिलेल्यांनी जरूर लिहा.

टवाळखोर

सतरा हजारांतले नऊ हजार गेले कुठे ते आधी शोधा. ते जिथे गेले तिथे घर घ्या.

मी_सायली

स्पष्टच सांगते, घेऊ नका. आम्ही न्यूजर्सीत आहोत. मुलीला भरतनाट्यम, मराठी शाळा, मैत्रिणी सगळं दहा मिनिटांवर मिळतं. तुमच्या लेकीच्या वर्गात तिच्यासारखी दिसणारी ती एकटीच असेल. लहानपणी ते कळत नाही, बाराव्या-तेराव्या वर्षी बोचायला लागतं. शिवाय नवऱ्याचं आणि इस्पितळाचं उद्या बिनसलं तर त्या गावात दुसरं इस्पितळ आहे का? घर विकायला काढलं तर घेणार कोण?

डिमॉइनकर

सायलीताईंचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, बाकीच्यांशी सहमत नाही.

मी वीसेक वर्षं डिमॉइनच्या पश्चिमेला वॉकीत राहतोय. इथे आलो तेव्हा घरामागे मक्याचं शेत होतं. आता तिथे दुकानं, शाळा आणि आणखी घरं. म्हणजे आयोवात वाढ नाही असं कोणी म्हणू नये. वाढ आहे, पण ती सगळी डिमॉइन आणि आयोवा सिटीच्या आसपास गोळा झालीय. एकूण ९९ काउंट्या आहेत, त्यातल्या बहुतेकांची वस्ती दर जनगणनेला थोडी थोडी घटते.

घराबद्दल दोन गोष्टी. किंमत वाढेल या आशेवर जेफरसनमध्ये घर घेऊ नका. राहायला घेत असाल तर खुशाल घ्या. बाणेरला टू बीएचकेला जे मोजाल त्यात तिथे तळघरासकट ऐसपैस घर आणि मागे अंगण मिळतं. दुसरं म्हणजे जेफरसन ते डिमॉइन सव्वा तास, एम्स गाव त्याहून थोडं जवळ. विमानतळ, देशी दुकान, गणपती सगळं त्या टप्प्यात येतं. शनिवारी सकाळी निघून कोथिंबीर घेऊन दुपारी परत.

मी_सायली

कोथिंबिरीसाठी सव्वा तास! आणि जानेवारीत?

डिमॉइनकर

जानेवारीत कोथिंबीर खात नाहीत. सुकं खोबरं खातात.

भटकी_जमात

आयोवा म्हटलं की मला महर्षी महेश योगींचं गाव आठवतं. तेही जेफरसन काउंटीतच ना? मग तुम्हाला एकटं कसं वाटेल? तिथे तर सगळे वेद म्हणतात!

अर्थशून्य

गल्लत होतेय. जेफरसन काउंटी वेगळी, ती आग्नेय आयोवात. तिचं मुख्य गाव फेअरफील्ड. १९७४ मध्ये महर्षींच्या मंडळींनी तिथल्या बंद पडलेल्या पार्सन्स कॉलेजचा परिसर घेतला, विद्यापीठ तिथे नेलं. पुढे २००१ मध्ये शेजारीच महर्षी वेदिक सिटी नावाची नगरपालिकाच स्थापली. धागाकर्तीचं जेफरसन हे गाव आहे आणि ते ग्रीन काउंटीत. दोन्हींमध्ये तीनेक तासांचा रस्ता आहे.

टवाळखोर

म्हणजे जेफरसन काउंटीत जेफरसन नाही आणि जेफरसनमध्ये जेफरसन काउंटी नाही. पत्र कसं पोचतं हो?

भटकी_जमात

वेदिक सिटीत घरांची दारं पूर्वेला असतात म्हणे. शेंगताई, रिसेलचा प्रश्न तिथे वास्तुशास्त्रानेच सुटेल.

आबा सातारकर

मुलाकडे एम्सला गेलो होतो, तेव्हा जेफरसन पाहिलं. चौकात कोर्टहाउस आणि त्याच्या आवारात घंटांचा उंच मनोरा. १६८ फूट. लिफ्टने वर जाता येतं. वरून खाली पाहिलं तर दुकानांच्या सपाट छपरांवर चित्रं रंगवलेली! रस्त्यावरून चालणाऱ्याला काही दिसत नाही, वर चढेल त्यालाच दिसतात. ज्याला कोणाला हे सुचलं त्याचं मला फार कौतुक वाटलं.

वरून आणखी एक दिसतं. सगळे रस्ते उभे-आडवे, मैलाला एक. मुलगा म्हणाला, हा प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा, असे छत्तीस चौकोन मिळून एक टाउनशिप. सगळी मोजणी माणसं येण्याआधीच झालेली. आपल्याकडे गाव आधी बसलं, रस्ते माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी ठरले. इथे कागदावर आधी रेघा मारल्या, मग माणसं आली, आणि आता माणसं चाललीत, रेघा तेवढ्या राहिल्यात. पण एवढी काळीभोर जमीन असून गावं ओस का पडावीत, हे मला उमगलं नाही. कोणी सांगेल का?

अर्थशून्य

आबा, जमीन चांगली आहे म्हणूनच.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर म्हणजे एका कुटुंबाची शेती असं माप धरलं. तुम्ही पाहिलेल्या एका चौकोनात अशी चार कुटुंबं. घोडे गेले, ट्रॅक्टर आला, मग बारा-सोळा ओळींची यंत्रं आली. मका-सोयाबीनवर पोट भरायचं तर आज एका कुटुंबाला हजार-दीड हजार एकर कसावे लागतात. म्हणजे दीड ते अडीच चौकोनांत एक घर. त्यात १९८० च्या दशकात व्याजदर चढले, जमिनीचे भाव कोसळले, कितीतरी शेतं लिलावात गेली. पोरं तेव्हा बाहेर पडली ती परतली नाहीत.

पण माझ्या मते खरी मेख मालकीत आहे. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०२२ च्या पाहणीत राज्यातली सुमारे दोन तृतीयांश शेतजमीन ६५ वर्षांपुढच्या मालकांची निघाली. अर्ध्याहून जास्त जमीन खंडाने दिलेली असते. म्हातारी मालकीण वारली की वारस फिनिक्स नाहीतर मिनियापोलिसला. खंडाचा चेक तिकडे जातो. २०२३ मध्ये राज्याची सरासरी एकराला ११,८३५ डॉलर भावाची होती आणि खंड पावणेतीनशे डॉलरच्या आसपास. जमीन विकत घेऊन शेती सुरू करणं तरुणाला हिशेबातच बसत नाही. काउंटी गरीब नाहीये हो. पैसा पिकतो तिथेच, खर्च होतो दुसरीकडे.

टवाळखोर

म्हणजे कोकणातल्या घरांसारखं. मालक मुंबईत, कुलूप रत्नागिरीत.

अर्थशून्य

फरक एवढाच की इथे कुलुपाचंही भाडं येतं.

बाभूळबन

मक्याचा विषय निघाला म्हणून घुसतो. आमची शेती जालन्याकडे, बियाणं कंपन्यांचे प्लॉट घ्यायचो.

आयोवाची २०२४ ची मक्याची सरासरी २११ बुशेल एकरी. बुशेल ५६ पौंडांचं, म्हणजे ५३ क्विंटलच्या वर. अख्ख्या राज्याची सरासरी बरं का, एखाद्या पुरस्कारवाल्या शेतकऱ्याची नाही. आमच्याकडे पंचवीस क्विंटल निघाले तरी गावात चर्चा होते.

आणि शेंगताई, तुमच्या बाजूलाच कून रॅपिड्स आहे ना? १९५९ मध्ये निकिता ख्रुश्चेव तिथे रॉझवेल गार्स्ट नावाच्या शेतकऱ्याचा संकरित मका बघायला गेला होता. पत्रकारांनी इतकी गर्दी केली की गार्स्ट चिडला आणि मुरघास उचलून त्यांच्या अंगावर फेकायला लागला. ऐन शीतयुद्धात!

संकरित बियाण्यासाठी मादी ओळींचे तुरे खुडावे लागतात. तिकडे ते काम उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची पोरं करतात, पहाटे बस भरून नेतात. आमच्याकडे बायका करतात. पानाने हात चिरतात ते दोन्हीकडे सारखंच. आणखी एक, आमच्या जालन्याचे बद्रीनारायण बारवाले, महिको ही बियाणं कंपनी काढणारे, त्यांना १९९८ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. तो पुरस्कार डिमॉइनचाच. तेव्हा आयोवाला परकं म्हणू नका.

आबा सातारकर

वा! हे बारवाल्यांचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

शेवग्याची शेंग

सगळ्यांचे आभार. धागा इतका पळेल असं वाटलं नव्हतं.

आबा, छपरांवरची चित्रं आमच्या लेकीलाही फार आवडतात. पाहुणे आले की ती त्यांना आधी मनोऱ्यावर नेते.

कसीनो आणि ऑफिसबद्दल थोडं लिहिते, कारण बाहेरून दोन्ही गमतीदार वाटतात. कसीनो गावाच्या उत्तरेला, हायवे ३० वर. २०१३ मध्ये काउंटीत मतदान झालं, २०१५ मध्ये सुरू झाला. आयोवात कसीनोचा परवाना एका ना-नफा संस्थेसोबत घ्यावा लागतो आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा स्थानिक कामांना जातो. इथे अग्निशमन दलाचं साहित्य असो, उद्यान असो की दुकानाचा जुना दर्शनी भाग दुरुस्त करायचा असो, 'कसीनोच्या ग्रँटमधून करू' हे पहिलं वाक्य असतं.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर २०१८ च्या डिसेंबरात सिलिकॉन व्हॅलीचे खासदार रो खन्ना मोठ्या कंपन्यांच्या माणसांना घेऊन इथे आले होते, मायक्रोसॉफ्टचे सीटीओसुद्धा. पिलर टेक्नॉलॉजी नावाची कंपनी, जी त्या वर्षी अ‍ॅक्सेंचरने घेतली, तिने चौकाजवळची जुनी इमारत नीट करून २०१९ मध्ये तिथे ऑफिस उघडलं. कल्पना अशी की इथल्याच मुलांना शिकवायचं आणि इथेच नोकरी द्यायची. देशभर बातम्या झाल्या.

पण गावात प्रत्यक्ष जास्त माणसं कामाला आहेत ती कारखान्यांत. पलीकडच्या स्क्रँटनमध्ये कचऱ्याचे ट्रक बनतात. जेफरसनमध्ये जिम्नॅस्टिक्सची साधनं बनतात, ती ऑलिंपिकपर्यंत गेलीयत. त्यांच्यावर कोणी बातमी करत नाही.

मी_सायली

कसीनोतून गाव चालवायचं म्हणजे लॉटरीतून शाळा चालवण्यासारखंच. हरणारे कोण? त्याच काउंटीतले पेन्शनर. त्यांचे पैसे काढून त्यांच्याच उद्यानात बाकडी टाकायची.

डिमॉइनकर

हा आक्षेप तिथेही घेतला गेला होता, तरी लोकांनी मत दिलं. मला विचाराल तर कसीनोपेक्षा शाळेचं मतदान जास्त सांगतं. आयोवात शाळेसाठी कर्जरोखे काढायचे तर साधं बहुमत चालत नाही, ६० टक्के लागतात. जिथे मतदारांतले बरेच जण सत्तरीचे, नातवंडं दुसऱ्या राज्यात, आणि शेतकऱ्याचा मालमत्ता कर एकरांवर वाढणार, तिथे हा आकडा गाठून हायस्कूल बांधणं साधी गोष्ट नाही. जी काउंटी हे करते ती अजून हातपाय गाळून बसलेली नाही.

गौरी_के

शाळेबद्दल अनुभवाचं लिहिते. आम्ही पाच वर्षं वायव्य आयोवात होतो, स्टॉर्म लेकजवळ. तिथे मांसप्रक्रियेच्या कारखान्यांमुळे लाओस, मेक्सिको, सुदान, मायक्रोनेशिया कुठकुठची माणसं आलीयत. माझ्या मुलाच्या वर्गात गोरी मुलं निम्म्याहून कमी होती. तेव्हा 'ती एकटीच वेगळी दिसेल' हे प्रत्येक छोट्या काउंटीला लागू नाही. चांगला मुलगा आहे, स्पॅनिशमध्ये शिव्या शिकून आला एवढंच.

घर घेताना एक गोष्ट मात्र बघाच. आसपास डुकरांच्या शेड किती आहेत आणि वारा कुठून वाहतो. राज्यात माणसं बत्तीस लाख, डुकरं दोन कोटींच्या वर. २,५०० डुकरांपासून पुढे बांधकामाचा परवाना लागतो. म्हणून शेड बांधतात त्या २,४९९ च्या! काउंटीचे सुपरवायझर फार तर शिफारस करू शकतात, अंतिम निर्णय राज्याचा. शेतीला काउंटीचं झोनिंग लागूच होत नाही. शरद ऋतूत डुकरांच्या मलमूत्राचं पातळ खत जमिनीत सोडतात त्या आठवड्यात कपडे बाहेर वाळत घालू नका.

टवाळखोर

२,४९९! बाटाच्या चपलांची किंमत आणि डुकरांची शेड एकाच माणसाने ठरवलेली दिसते.

अर्थशून्य

गौरीताईंनी स्टॉर्म लेक काढलं म्हणून पाण्याचंही सांगतो, कारण 'विकासा'ची खरी भांडणं तिथे आहेत. उत्तर-मध्य आयोवा मुळात दलदल होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जमिनीखाली मातीच्या नळ्यांचं जाळं टाकून पाणी काढलं, म्हणून ती काळी जमीन कसता आली. या नळ्यांना तिकडे 'टाइल' म्हणतात. त्याच नळ्यांतून आता खताचा नायट्रेट रॅकून नदीत उतरतो. नदी ग्रीन काउंटीतून वाहत डिमॉइनला जाते आणि तिथे लोक ती पितात.

२०१५ मध्ये डिमॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने सॅक, कॅल्हून आणि ब्युएना व्हिस्टा या वरच्या तीन काउंट्यांवर दावा ठोकला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. काउंट्यांच्या वकिलांचे पैसे गुपचूप कोण भरतंय हे स्टॉर्म लेकच्या एका छोट्या वृत्तपत्राने खणून काढलं आणि संपादक आर्ट कलन यांना २०१७ चं पुलित्झर मिळालं. काउंटीतलं पेपर टिकणं हाही विकासच, असं मी धरतो.

डिमॉइनकर

२०२५ च्या जूनमध्ये आम्हाला लॉनवर पाणी मारायला बंदी होती. दुष्काळ नव्हता, उलट पाऊस भरपूर! नायट्रेट काढणारी यंत्रणा पुरी पडेना म्हणून. नदी भरून वाहतेय आणि गवत वाळतंय. शेंगताई, तुमच्या वरच्या अंगाच्या मंडळींना आमचा नमस्कार सांगा.

बाभूळबन

शेतकऱ्याच्या बाजूने कोणी बोलणार आहे का? नायट्रोजन कमी टाकला आणि उतारा घटला तर खंडाचे पावणेतीनशे डॉलर कोण भरणार? शहरवाल्यांनी? इथेनॉल मोटारीत तुम्हीच घालता ना?

डिमॉइनकर

घालतो. आणि त्याच इथेनॉल कारखान्यांचा कार्बन वायू पाइपने नॉर्थ डाकोटाला न्यायचा घाट घातला, तेव्हा सक्तीने जमीन घ्यायला सगळ्यात आधी विरोध केला तो तुमच्याच मक्यावाल्या शेतकऱ्यांनी. राज्याने २०२४ मध्ये मंजुरी दिली तरी भांडण मिटलेलं नाही. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही हे मान्य. पण पाणी नेहमी खालच्याच अंगाला येतं.

संपादक

धागा घराबद्दल आहे, याची नम्र आठवण. नायट्रेटसाठी वेगळा धागा काढावा.

पेलाकर

घरावर येतो. मी पेलात यंत्रांच्या कारखान्यात आहे, ग्रीन काउंटीपेक्षा बरं चालणारं गाव. गेली काही वर्षं भरतीच्या कामात असल्यामुळे सांगतो, 'छोट्या काउंटीत नोकऱ्या नाहीत' हे आता उलटं झालंय. नोकऱ्या आहेत, माणसं नाहीत. माणूस तयार झाला तर त्याला घर मिळत नाही. घर मिळालं तर पाळणाघरात जागा नसते, मग बायको कामाला जाऊ शकत नाही. आमच्याकडे एक वेल्डर बोलणी पक्की झाल्यावर पाळणाघरासाठी सोडून गेला.

घरं का नाहीत? कारण नवं घर बांधायला जेवढे लागतात तेवढे विकल्यावर येत नाहीत. म्हणून बिल्डर फिरकत नाही. जुनी घरं शंभरीची, त्यांत एकेकटी म्हातारी माणसं. ती जाणार कुठे, गावात छोटे फ्लॅटच नाहीत. सगळी साखळी तिथे अडकते. जेफरसनमध्ये चांगलं जुनं घर निघालं तर वाट बघू नका, हातोहात जातं. 'विकणार कोणाला' या सायलीताईंच्या प्रश्नाचं आजचं उत्तर हे आहे. वीस वर्षांनंतरचं मी देऊ शकत नाही.

मी_सायली

आणि एक मोठा कारखाना बंद पडला की? पेरीचं वाचलं होतं.

पेलाकर

हो, पेरी ग्रीन काउंटीला लागूनच्या डॅलस काउंटीत. २०२४ च्या जूनमध्ये टायसनने तिथला डुकरांचा प्रक्रिया कारखाना बंद केला. आठ हजारांच्या गावात तेराशेच्या आसपास नोकऱ्या गेल्या. एकाच मालकावर उभ्या गावाचं हे दुखणं असतंच. त्या हिशेबाने जेफरसन बरं, कारखाने छोटे आणि चार-पाच मालकांचे.

शेवग्याची शेंग

पेलाकर, पाळणाघराचं अगदी खरं. आम्ही लेकीचं नाव यादीत घातलं तेव्हा ती रांगतही नव्हती.

माणसांच्या तुटवड्यावरून एक सांगायचं राहिलं. इथल्या विकास मंडळाने 'न्यूएवा व्हिदा' नावाचा उपक्रम काढलाय. स्टॉर्म लेकला कारखान्याने माणसं आणली आणि गावाला मागून जुळवून घ्यावं लागलं. इथे मंडळींनी आपण होऊन ठरवलं की लॅटिनो कुटुंबांना बोलवायचं, घर-भाषा-शाळेला मदत करायची. नव्वद टक्क्यांहून जास्त गोरी, ट्रम्पला भरघोस मतं देणारी ही काउंटी. सगळे खूश नाहीत. दवाखान्यातल्या ओळखीचे एक आजोबा माझ्यासमोर म्हणाले, "आधी आमची पोरं परत आणा की." मी विचारलं तुमची कुठे आहेत, तर म्हणाले डेन्व्हर, आणि ती काही यायची नाहीत. मग स्वतःच हसले आणि ऑगस्टमध्ये दारात स्वीटकॉर्नची पिशवी ठेवून गेले. चिठ्ठीसुद्धा नाही. पिशवी कोणाची हे मला शेजारणीकडून कळलं, कारण इथे सगळ्यांना सगळं कळतं.

हे शेवटचं सुखाचंही आहे आणि तापाचंही. नवरा किराण्याला गेला तर शेंगदाण्याच्या बटरसमोर लोक त्याला रक्तदाबाचे आकडे सांगतात. मी दोन दिवस फिरायला गेले नाही तर विचारणा होते.

सायलीताई, एकटेपणाचा तुमचा मुद्दा मला टोचतो आणि तो मी उडवून लावणार नाही. इथे मला प्रेमाने वागवतात, पण तीन वर्षांत मनातलं बोलायला मराठी माणूस समोर मिळालेला नाही. म्हणून तर मध्यरात्री हा धागा काढला.

मी_सायली

हे वाचून जरा नरमले. इथे न्यूजर्सीत शेजारी पाच मराठी घरं आहेत, भेट गणपतीला. न सांगता पिशवी ठेवणारं कोणी नाही. तरीही माझं मत 'भाड्याने राहा' हेच.

आबा सातारकर

सूनबाई, मध्यरात्री केव्हाही लिहा. इकडे सकाळ असते, मी चहा घेत असतो.

गौरी_के

इस्पितळाचं मात्र नीट बघा. २५ खाटांची मर्यादा असलेली ही 'क्रिटिकल अ‍ॅक्सेस' इस्पितळं मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या) वेगळ्या दरांवर तगून आहेत. तो नियम बदलला तर अवघड. आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर प्रसूतीची सोय किती लांब आहे ते आधी बघा. आयोवातल्या बऱ्याच ग्रामीण इस्पितळांनी तो विभाग बंद केलाय. मी फेब्रुवारीत, बर्फात, नवऱ्याला 'हळू चालव' आणि 'लवकर चालव' एकाच वाक्यात सांगत गेले होते.

अर्थशून्य

मूळ प्रश्नावर माझं मत. घराकडे गुंतवणूक म्हणून बघू नका, भाड्याऐवजीचा खर्च म्हणून बघा. वर्षाच्या पगाराइतक्या किमतीत घर मिळत असेल, आणि डॉक्टरच्या पगारात तिथे ते मिळतं, तर दहा वर्षांनी निम्म्या किमतीला गेलं तरी डिमॉइनच्या हप्त्यांपेक्षा स्वस्तच पडेल. बचत बाहेर गुंतवा. काउंटी वाढेल का? माझ्या मते नाही. साडेआठ हजारांवर टिकली तरी जिंकली. पण घर घेणाऱ्याला काउंटी वाढायला नको असते, शाळा आणि इस्पितळ चालू राहायला हवं असतं.

पेलाकर

+१. आणि ऑफर देताना रेडॉनची (जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची) तपासणी लिहून घ्या. आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंट्या रेडॉनच्या सगळ्यात वरच्या पट्ट्यात येतात. तळघरात मुलीची खेळायची खोली करणार असाल तर तपासणीशिवाय नको. आकडा जास्त आला तर पाइप आणि पंखा बसवून घ्यायचा, तो खर्च विकणाऱ्याकडून मागता येतो, बहुतेक देतात. सांडपाण्याची जुनी लाइन कॅमेरा घालून बघा, झाडांची मुळं शिरलेली असतात.

शेवग्याची शेंग

रेडॉनचं लिहून घेतलं. चौकापासून तीन गल्ल्या सोडून एक घर आहे, १९१५ च्या आसपासचं, पुढे मोठा व्हरांडा, मालकीणबाई मुलीकडे चालल्यात. शनिवारी पुन्हा बघायला जातोय. नवरा आता 'हीटिंगचा बॉयलर किती जुना' हे एकच विचारतोय, म्हणजे त्याचं ठरलेलं दिसतंय. माझं अजून नाही. लेकीला विचारलं तर म्हणते, घराच्या छपरावर चित्र काढायला देणार का?

टवाळखोर

उतरतं छप्पर असेल तर नका देऊ. आणि बॉयलर बघताना वाराही बघून घ्या. गौरीताईंचे २,४९९ शेजारी कुठल्या दिशेला आहेत ते.

शेवग्याची शेंग

नैर्ऋत्येला, चार मैलांवर. उन्हाळ्यातला वारा नेमका तिकडूनच येतो. मालकीणबाई म्हणाल्या सवय होते. त्या चाललायत.